मळणीयंत्राचे डोळे : शेतीयंत्रांवरील चित्रपुस्तकांविषयी

वाङ्मयीन नियतकालिकांच्या अखेरच्या पानावर 'साभार पोच' या मथळ्याखाली जी यादी छापली जाते, तिच्यात मुलांच्या चित्रपुस्तकास क्वचितच जागा मिळते. आणि मिळाली, तरी त्या पुस्तकाची कथा बहुधा तेथेच संपते. स्वखर्चाने काढलेल्या कवितासंग्रहास कोणीतरी परीक्षक भेटतो. स्वखर्चाने काढलेल्या चित्रपुस्तकास तो भेटत नाही. सोळा पानांत परीक्षण करण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न यावर विचारला जातो. प्रस्तुत लेखकाचेही पुष्कळ वर्षे असेच मत होते. ते बदलण्यास एक लहानसे निमित्त घडले. ते आधी सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचा रोख ध्यानात येणार नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातील एका मराठी शाळेत शिकवीत असलेल्या एका स्नेह्याने शेतीच्या यंत्रांवर सोळा पानांचे एक रंगीत पुस्तक पदरमोड करून काढले. चित्रे त्याचीच, मजकूरही त्याचाच. प्रस्तावनेच्या चार ओळी मात्र मी लिहिल्या. पुस्तकात ट्रॅक्टर होता, पेरणीयंत्र होते, फवारणीचा पंप होता आणि आमच्याकडचे शेतकरी ज्यास हडंबा म्हणतात ते मळणीयंत्रही होते. या मळणीयंत्रास चित्रकाराने दोन टपोरे डोळे काढले होते, आणि ज्या जागी पिकाच्या पेंढ्या आत सारतात तेथे एक मोठे हसरे तोंड. "मला भूक लागली आहे" अशा अर्थाचे काहीतरी ते बोलतही होते. मी माझ्या चार ओळींत या 'हसऱ्या चित्रां'ची मुद्दाम वाखाणणी केली होती.

पुढे सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एका खळ्यावर बसलो असता चारपाच वर्षांचा एक मुलगा तेच पुस्तक बगलेत धरून आला. यंत्र सुरू होते. त्याने गंजीतली एक पेंढी उचलली आणि मोठ्या मायेने यंत्राच्या तोंडाकडे नेली. जवळच काम करणाऱ्या बाईने त्याचा दंड धरून त्यास मागे ओढले. अनर्थ टळला. तिने मुलास एक धपाटा घातला, आम्हांस काही म्हटले नाही. तिला आमचा आणि त्या पुस्तकाचा संबंध ठाऊक नव्हता. मला तो ठाऊक होता.

या प्रसंगानंतर बालवाङ्मयाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार पालटली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सोळा पानांच्या पुस्तकात परीक्षण करण्यासारखे काय असते, हा प्रश्न तेव्हापासून मी विचारीत नाही.

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा काही नवी नव्हे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक सुरू केले, भा. रा. भागवत यांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' काढून ते स्वतःच्या हिमतीवर चालविले. १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' निघत आहे. चित्राला मजकुराच्या पंक्तीस बसविण्याचे काम त्या मानाने अलीकडचे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने या दिशेने बरेच केले; आणि माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी तर घरातल्या रोजच्या साध्या गोष्टी हाच चित्रपुस्तकाला पुरेसा विषय आहे, हे मराठी वाचकास पटवून दिले. परंतु हे घर बहुधा शहरातील घर असते. खेड्यातील घराच्या अंगणात आज ट्रॅक्टर उभा असतो, ओसरीवर फवारणीचा पंप टांगलेला असतो. पुस्तकातील शेत मात्र अद्याप बैलजोडी आणि मोट यांच्यापुढे फारसे सरकलेले नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती. ती मागणी जुनी झाली, पण फिटलेली नाही. यास्तव एखादा शिक्षक पदरचे पैसे घालून शेतीयंत्रांचे पुस्तक काढतो, तेव्हा तो एक उणीव भरून काढीत असतो. त्याच्या पुस्तकाची चिकित्सा कठोरपणे करावयाची ती यासाठीच. जे काम करावयासच नको होते, त्याची चिकित्सा कोणी करीत नाही.

यंत्राला डोळे असावेत काय, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. डोळे काढण्याच्या बाजूने मोठमोठे साक्षीदार उभे करता येतील. अमेरिकेतील व्हर्जिनिया ली बर्टन या चित्रकर्तीने १९३९ मध्ये वाफेवर चालणाऱ्या एका उत्खननयंत्राची गोष्ट प्रसिद्ध केली. त्या यंत्राचे नाव मेरी ॲन. तिला डोळे आहेत, ती हसते, कष्टी होते. डिझेलवर चालणारी नवी यंत्रे आल्यावर तिला काम मिळेनासे होते, आणि अखेर ज्या इमारतीचे तळघर तिने स्वतः खणले त्याच तळघरात ती इमारतीला ऊब देणारी भट्टी होऊन राहते. यंत्र जुने झाले म्हणजे त्याचे आणि त्यावर पोट असलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न लहान मुलास कळेल अशा रीतीने इतक्या सहृदयतेने क्वचितच मांडला गेला असेल. इंग्लंडात रेव्हरंड ऑड्री यांनी १९४५ पासून आगगाडीच्या इंजिनांना चेहरे देऊन एक संपूर्ण सृष्टी उभी केली. या पुस्तकांवर वाढलेल्या मुलांचे काही बिघडले असे दिसत नाही.

मग आमच्या मळणीयंत्राच्या डोळ्यांवरच आक्षेप का? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर अंतरात आहे. बर्टन यांच्या वाचकास उत्खननयंत्र दिसे ते रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या आड. ऑड्री यांच्या वाचकास इंजिन भेटे ते फलाटावरून, वडिलांचा हात धरून. त्यांच्याशी मैत्री करावयाची ती कल्पनेतच. आमच्या जिल्ह्यातील मुलास मळणीयंत्र भेटते ते त्याच्या स्वतःच्या खळ्यावर, हाताच्या अंतरावर. आणि त्यास 'भरविण्या'ची संधी त्यास खरोखरच मिळते. लांबच्या यंत्रास चेहरा देणे ही कल्पनेची मौज होय. जवळच्या यंत्रास चेहरा देणे ही त्या यंत्राविषयी दिलेली चुकीची माहिती ठरते. तोंड म्हटले की घास आला, आणि घास म्हटला की हात पुढे होणार. या यंत्रांनी किती हात घेतले याची आठवण गावोगावी आहे. मळणीयंत्रांच्या अपघातांपायीच १९८३ मध्ये संसदेस धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने जे यंत्र धोकादायक ठरविले, त्यास चित्रकाराने मित्र ठरवावे, हे काही बरे नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या संस्कृतीत निर्जीव वस्तूंस सजीव मानण्याची रीतच आहे. पण ती रीत नीट न्याहाळावी. खंडेनवमीच्या दिवशी आपण अवजारे धुऊन पुसून मांडतो, त्यांस हळदकुंकू वाहतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते. परंतु त्या दिवशी ते अवजार कामास जुंपीत नाहीत, आणि त्यावर डोळेही काढीत नाहीत. पूजेत आदर आहे, अंतर आहे, किंचित भयही आहे; लगट नाही. पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळी भरवितात, कारण बैलास खरोखरच तोंड आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी बैल ओढीत घरोघर जातात; तो बैल चाकांवर असला तरी बैलच राहतो. लाकडी बैल हे खेळणे, जिवंत बैल हा सोबती आणि नांगर हे अवजार, हा भेद आपल्या सणांनी कधी पुसलेला नाही. चित्रपुस्तकाने तो पुसण्याचे काही कारण नाही.

याचा अर्थ मुलांच्या पुस्तकात यंत्र भयानक दाखवावे असा मुळीच नव्हे. सुरक्षिततेची पत्रके आपण पाहतो. त्यांत लाल फुल्या असतात, आज्ञार्थी क्रियापदे असतात. ती भिंतीवर चिकटतात, मनाला चिकटत नाहीत. धोका सांगण्याची दुसरी एक रीत आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण एका स्वयंप्रकाशित चित्रपुस्तकातच सापडते, हा योगायोग मोठा बोलका आहे. बीट्रिक्स पॉटर यांनी पीटर नावाच्या सशाची गोष्ट १९०१ च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने छापून घेतली. प्रती अवघ्या २५०. पुढील वर्षी एका प्रकाशकाने ती रंगीत स्वरूपात काढली. त्या गोष्टीच्या आरंभीच आई मुलांस सांगते, की शेजारच्या बागेत जाऊ नका, तुमचे वडील तेथे गेले आणि बागवाल्याच्या घरी त्यांचे खाद्य झाले. एका वाक्यात, आवाज न चढविता. पुढील सर्व गोष्ट त्या एका वाक्याच्या बळावर चालते, आणि पिढ्यान् पिढ्या मुले ती हसत वाचीत आली आहेत. मुलांस सत्य सोसते. सोसत नाही ते मोठ्यांना.

आता यंत्राच्या रचनेकडे वळू. चित्रपुस्तकाचा खरा आनंद, निदान या विषयापुरता, येथे आहे असे मला वाटते. यंत्र कसे चालते हे ज्या पुस्तकात पानोपानी उलगडत जाते, त्यास डोळ्यांची आणि गालांवरील लालीची गरजच पडत नाही. दुर्दैवाने उपरोक्त पुस्तकातील प्रत्येक पानावर एक यंत्र बाहेरून काढले आहे आणि खाली त्याचे नाव लिहिले आहे. ही चित्रे नव्हेत, ओळखपत्रे होत. बाहेरून पाहता मळणीयंत्र म्हणजे पत्र्याची एक पेटी. तिच्या आत काटेरी ढोल वेगाने फिरतो, पीक त्याखाली झोडपले जाते, दाणे जाळीतून खाली गळतात, पंखा भुसा उडवून लावतो आणि दाणा व भूस वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. हे चार पानांवर चार टप्प्यांत दाखविले असते, तर पेंढी आत गेल्यावर तिचे काय होते हे मुलास कळले असते. आणि हाताचे काय होईल हेही, वेगळे न सांगता, कळले असते. सावधगिरीचा उपदेश करण्याचे सर्वांत सभ्य साधन म्हणजे यंत्राचा उभा छेद.

याहून सुंदर संधी पेरणीच्या पानावर वाया गेली आहे. आपली तिफण घ्या. वर लाकडी चाडे, त्यास तीन भोके, त्या भोकांतून निघालेल्या तीन पोकळ नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी जमीन चिरणारे तीन फण. मागून चालणारी बाई ओटीतले बियाणे मुठीत घेऊन चाड्यात सोडीत जाते. बैल थांबले की तिची मूठ थांबते. ट्रॅक्टरमागचे पेरणीयंत्र शेजारी ठेवून पाहावे. चाड्याची पेटी झाली, बांबूच्या नळ्यांच्या प्लॅस्टिकच्या नळ्या झाल्या, फण फणच राहिले. मुठीच्या जागी पेटीच्या तळाशी खाचांचे रूळ आले. ते रूळ फिरतात ते यंत्राच्या जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर, साखळीने. म्हणजे ट्रॅक्टर थांबला की चाक थांबते, चाक थांबले की रूळ थांबतो आणि बियाणे पडावयाचे राहते. बैल थांबले की मूठ थांबे, तेच हे. ज्या कोणी हे यंत्र प्रथम घडविले त्याने पेरणाऱ्या माणसाच्या मुठीचाच अभ्यास केला असला पाहिजे असे वाटते. जोडपानावर डावीकडे तिफण आणि उजवीकडे पेरणीयंत्र, समान अवयव समान रंगांत, इतकेच काढले तरी ते पान मुलास दिवसभर पुरेल. आणखी एक लाभ होईल. पेरणीस आरंभ झाला या अर्थी 'चाड्यावर मूठ धरली' असे आपण अजूनही म्हणतो. चाडे ज्याने पाहिलेच नाही अशा मुलाच्या कानी तो वाक्प्रचार पडला तर ती नुसती अक्षरे होत. भाषा राखण्यासाठी आपण व्याख्याने ठेवतो; एक चित्र कदाचित अधिक राखील.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. यंत्रांवरील पुस्तकांत 'पूर्वी आणि आता' अशी मांडणी हटकून येते : पूर्वी बैल, आता ट्रॅक्टर, पूर्वी कष्ट, आता सुख. आमच्या जिल्ह्याची शेती अशी पूर्वी-आतामध्ये विभागलेली नाही. एकाच शेतात जमीन ट्रॅक्टरने नांगरली जाते, आणि कपाशीच्या ओळींतील तण काढण्यासाठी बैलांचा डवरा फिरतो. सोयाबीन यंत्राने पेरले जाते, आणि कपाशीचे महागडे बियाणे बाया वाकून एकेक टोबतात. ट्रॅक्टरचा मालक आणि बैलांचा मालक पुष्कळदा एकच असतो, किंवा एक दुसऱ्याकडून भाड्याने घेतो. या व्यवहाराचे चित्र काढणे 'पूर्वी आणि आता' काढण्याहून अवघड आहे, हे मान्य. पण मूल जे पुस्तकात पाहील ते शाळा सुटल्यावर बांधावर ताडून पाहणार आहे, हे शहरातील लेखकास विसरता येईल. जिल्ह्यातील लेखकास येणार नाही.

आणि कापूस. आदिलाबाद म्हटले की कापूस. बाजार समितीच्या आवारात हंगामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्यास हे निराळे सांगावयास नको. शेतीयंत्रांच्या पुस्तकात कापसाच्या पानावर काय काढावे? वेचणीस यंत्र नाही. परदेशांत आहे, परंतु त्यास एकाच उंचीची, एकदम फुटणारी, पाने गाळलेली झाडे लागतात. आमची कपाशी टप्प्याटप्प्याने फुटते, तीनचार वेळा वेचावी लागते, आणि तिचे एकेक बोंड बायांच्या बोटांनीच रिकामे होते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके बोटांत रुततात, कंबरेशी बांधलेली ओटी जड होत जाते, मजुरी किलोवर मोजली जाते. यंत्र भेटते ते पुढे, जिनिंगमध्ये. तेथे रुई आणि सरकी वेगळी होते आणि रुई दाबून सुमारे १७० किलोची गठाण बांधली जाते. माझ्या स्नेह्याने कापसाच्या पानावर एकदम जिनिंगचा कारखाना काढला आणि वेचणी गाळली, कारण 'त्यात यंत्र नाही'. हा दोष मला मळणीयंत्राच्या डोळ्यांइतकाच गंभीर वाटतो. पुस्तकाचा विषय यंत्र असला, तरी यंत्र कोठे पोहोचले नाही हा त्याच विषयाचा भाग होय. त्या पानावरून ज्या बाया गळल्या, त्यांची मुलेच त्या पुस्तकाची पहिली वाचक होती.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे निराळ्याच स्वरूपात येतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवटचा भाग आदिलाबादेतून निघून नांदेडास जोडला गेला. सीमा सरकली, लोक होते तेथेच राहिले. पैनगंगेच्या अलीकडचे मराठी मूल घरी मराठी बोलते, बाजारात तेलुगू ऐकते, आणि शेजारच्या वाडीत गोंडी किंवा कोलामी. अशा मुलासाठी काढलेल्या पुस्तकात वस्तूचे नाव कोणते छापावे? मराठीतला नांगर तेलुगूत नागली होतो; ते नाते मुलास सांगितल्यावाचूनच कळते. तिफणीस तेलुगूत गोर्रू म्हणतात, वखरास गुंटका. चित्राखाली ही नावे बारीक अक्षरांत देण्यास काय हरकत आहे? मराठीचे त्यात काही उणे होत नाही.

या जिल्ह्यात त्या प्रकारचा विवेक पूर्वी दाखविला गेला आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९४३ मध्ये, मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले, आणि गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके नागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाची भाषा आणि परिसरात परिचित असलेली लिपी, या दोहोंचा तो मेळ होता. त्याच प्रदेशात अधिकारी म्हणून काम केलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांची व्याकरणे लिहिली. इतिहासकार पगडी मराठी वाचकास सुपरिचित आहेत. गोंडांच्या वस्तीत बसून शब्द टिपणारे पगडी तितकेसे नाहीत. आमच्या जिल्ह्यात चित्रपुस्तक काढू इच्छिणाऱ्याने आधी ते पगडी वाचावेत, अशी माझी सूचना आहे.

राहिला प्रसाराचा प्रश्न, आणि येथे स्वयंप्रकाशकाची खरी कसोटी लागते. पुस्तक छापणे आता तितकेसे कठीण नाही. थोड्या प्रती काढण्याची सोय झाली आहे. कठीण आहे ते खपविणे. माझ्या स्नेह्याने यावर जो उपाय केला तो पुष्कळांनी केला असता. त्याने मलपृष्ठ एका यंत्रविक्रेत्यास जाहिरातीसाठी दिले. त्यात गैर काही नाही. पण पुस्तक चाळताना ध्यानात येते, की आतील प्रत्येक ट्रॅक्टर त्या विक्रेत्याच्याच कंपनीच्या रंगाचा आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरची कंपनी रंगावरून ओळखतात, आणि मोठ्यांआधी मुले ओळखतात. मलपृष्ठावरील जाहिरात उघड होती. आतील रंग ही छुपी जाहिरात झाली. ती मलाही फार उशिरा दिसली.

यंत्राची विक्री आणि वाङ्मय यांचे सोयरिक जमूच नये असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांकडे गेले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे आरंभी ते खपेनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याचे ते मुखपत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली बघता बघता मराठीतील एक महत्त्वाचे मासिक झाले. ते कोणाचे आहे हे त्याच्या नावातच होते. वाचकाने ते जाणूनच हाती घेतले, आणि जाणूनच त्यावर प्रेम केले. चार वर्षांच्या वाचकास मात्र हे जाणता येत नाही. तेव्हा त्याच्या पुस्तकात रंग वाटताना चित्रकाराने दुकानाकडे न पाहता गावाकडे पाहावे. गावात सर्व रंगांचे ट्रॅक्टर असतात, आणि बहुतेक मातीच्याच रंगाचे झालेले असतात.

विक्रीसाठी विक्रेत्याचे दुकान हा एकच मार्ग आहे असेही नाही. पौषी अमावास्येस केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, तेथे आसपासच्या सर्व भाषांची माणसे येतात. तेथे खेळणी विकली जातात, मग पुस्तक का विकले जाऊ नये? कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात शेतकरी तासन् तास गाडीशी बसून असतो, आणि त्याच्या हाती त्या दिवशी थोडा पैसाही यावयाचा असतो. शाळांतून हस्तलिखिते निघतात; त्यांत मुलांनी काढलेली यंत्रे असतात, आणि ती पुष्कळदा छापील पुस्तकातील यंत्रांहून खरी असतात, कारण मूल पट्टा काढावयास विसरत नाही. हस्तलिखितातून निवडून छापील पुस्तक करणे हा स्वयंप्रकाशनाचा मला सर्वांत नैसर्गिक मार्ग वाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाची साधने गावातल्याच वस्तूंतून उभी केली, त्याच जातीचे हे काम होईल.

एक कोरडी गोष्टही सांगून ठेवतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांस पाठवावयाच्या असतात. हौशी प्रकाशक हे बहुधा विसरतो. मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक कोठेतरी उरते. जिल्ह्यातल्या शिक्षकाने काढलेल्या थोड्या प्रती मुलांच्या हातांत फाटून संपतात, आणि पन्नास वर्षांनी या काळात आमच्या भागात मुलांसाठी काय लिहिले गेले हे शोधू जाणाऱ्यास काहीच सापडत नाही. मुलांच्या हातांत फाटणे ही पुस्तकाची सद्गती होय. परंतु एक प्रत तरी फाटू न देण्याची जबाबदारी मोठ्यांची. साहित्यसंस्थांच्या ग्रंथालयांनीही अशी पुस्तके मागवून घ्यावीत आणि पोचेच्या यादीपुढे जाऊन त्यांवर चार परखड ओळी छापाव्यात. मजसारख्याच्या सैल प्रस्तावनेपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतील.

खळ्यावरचा प्रसंग मी स्नेह्यास सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले, "मग यंत्राजवळ कोणाला उभे करू?" मी म्हटले, त्या बाईला. तो आता दुसरी आवृत्ती करीत आहे. मळणीयंत्राचे पान चार पानांचे झाले असून ढोल, जाळी आणि पंखा यांची कच्ची चित्रे त्याने मला दाखविली आहेत. बाईने पदर खोचून घेतला आहे, पट्ट्यावर संरक्षक जाळी आहे, आणि मूल दूर, गंजीच्या पलीकडे, पाण्याचा तांब्या घेऊन उभे आहे. कापसाचे पान अद्याप व्हावयाचे आहे. वेचणाऱ्या बोटांचे चित्र त्यास साधत नाही, म्हणून तो रविवारी शेतात जाऊन बसतो. प्रस्तावना पुन्हा मीच लिहावी असा त्याचा आग्रह आहे. चित्रे पुरी झाल्यावाचून मी ती लिहिणार नाही, असे त्यास कळविले आहे.